केबिनमधला चहा, यार्डातला खडू

दिल्लीहून आल्यापासून लोक विचारतात, लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का. दोन्ही राहिले. मी पाहिलं ते जानेवारीचं धुकं, मोहरीच्या शेतात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती आणि फरिदाबादच्या एका कारखान्यामागचं यार्ड. एवढ्यावर प्रवासवर्णन लिहावं का, हा प्रश्न मलाही पडला. पण ज्या मनानं गेलो आणि ज्या मनानं परत आलो, त्यात फार अंतर पडलं, म्हणून लिहितो.

माझी मुलगी वैशाली हिला परदेशात एम.बी.ए. करायचं होतं. तिनं परीक्षा दिली, निबंध लिहून पाठवले, आणि तिकडच्या विद्यापीठानं तिला मुलाखतीला बोलावलं. त्यांचे लोक मुलाखती घ्यायला दिल्लीत येणार होते. मी सोबत निघालो. कोल्हापुरात सगळे म्हणाले, बाप असावा तर असा. मी मान खाली घालून हसलो. खरं असं होतं की, तिची निवड होऊ नये अशी इच्छा मनात धरून मी गाडीत बसलो होतो.

आमची छोटी फौंड्री आहे. ट्रॅक्टरला लागणारे लोखंडी ओतीव भाग आम्ही करतो. देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या आल्या, तशी आमची गिऱ्हाइकं कडक झाली. पूर्वी खपून जायचा तो माल ट्रकनं परत येऊ लागला. त्या दिवसांत वैशू इंजिनिअर होऊन कारखान्यात आली, आणि माल परत येणं थांबलं. ती गेली तर माझं कसं होणार, हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. तिच्याजवळ तर नाहीच.

मयूर विहार

उतरलो माझ्या मावसबहिणीकडे, कमलताईकडे. लग्न होऊन ती दिल्लीला गेली ती तिथलीच झाली. तिचा मुलगा निखिल परदेशात एम.बी.ए. करून आलेला, आता गुडगावात नोकरीला. खरं तर वैशूच्या डोक्यात हे खूळ त्यानंच घातलं, म्हणून मी त्याच्यावर मनातून चिडलेलोच होतो.

मयूर विहार म्हणजे सहकारी सोसायट्यांचं गाव. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. पहिल्या सकाळी कानटोपी घालून दूध आणायला गेलो आणि परतताना धुक्यात भलत्याच इमारतीत शिरलो. मजला तोच, दाराचा रंग तोच, बाहेर तुळसही तशीच. बेल दाबली आणि दार उघडताच, "ताई, चहा टाक," म्हणून पिशवी पुढे केली. समोर एक बंगाली बाई. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कमलजी का घर सामने वाली बिल्डिंग में है. उनके सब मेहमान पहले यहीं आते हैं."

दिल्लीच्या थंडीत माणसं उन्हामागे फिरतात. दहा वाजता धुकं फिटलं की सगळ्या गच्च्यांवर चटया पडतात. शेजारच्या चार घरच्या बायका एकत्र बसून मटार सोलतात, गाजरं किसतात. आमच्याकडे शेजारीण वाटीभर साखर मागायला येते. इथे शेजारीण आपली किसणी घेऊन येते. कमलताईच्या आमटीत आता गोडा मसाला असतो आणि वरून धने-जिऱ्याची दिल्लीकर पूडही. मेथीचे पराठे, मुळ्याचे पराठे, त्यावर लोण्याचा गोळा. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, पण खोटं कशाला बोलू, पराठ्यांना नाही म्हणालो नाही.

"मामा, अजून एक घ्या ना यार," निखिल म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "सॉरी, यार निघून गेलं."

"निघू दे," कमलताई म्हणाली. "ह्याच्या मराठीला आम्ही कधीच सोडून दिलंय. लहानपणी चुलीला 'जुना गॅस' म्हणायचा."

वैशू हसत होती. तिला असं मोकळं हसताना कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि पाठोपाठ मनात आलं: हिचं चार दिवसांत काही बिनसलं, तर मी हिला समजावून घरी नेईन. किती सहज आलं ते मनात!

गुडगाव

दुसऱ्या दिवशी निखिलनं आम्हाला गाडीतून गुडगावला नेलं. मुलाखतीची रंगीत तालीम त्याच्या ऑफिसातल्या गुरप्रीतकडे होणार होती. तीही परदेशात शिकून आलेली.

गुडगावला जाताना एका बाजूला पिवळीधमक मोहरी, हुक्का ओढत बाजेवर बसलेली म्हातारी माणसं, म्हशी. दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, त्यांत आभाळ दिसतं. मधे रस्ताच नाही, नुसती खडी. आमच्याकडे आधी रस्ता होतो, मग टपरी, मग घर. इथे आधी विसावा मजला झाला होता आणि त्याच्या पायथ्याशी सांडपाण्याचं गटार अजून खणायचं होतं. पण त्या अर्धवटपणात एक जोर होता. शिफ्ट संपवून निघालेली पोरंपोरी गळ्यात ओळखपत्रं अडकवून शेतातल्या पायवाटेनं चालली होती, आणि कुणाच्या चेहऱ्यावर आपण कुठे आलो असा भाव नव्हता.

लिफ्टमध्ये वीज गेली. मी निखिलचा दंड धरला. दोन श्वास घेतले नाहीत तोच जनरेटर घरघरला आणि आम्ही पुन्हा वर निघालो. "इथे रोजचं आहे, मामा," तो म्हणाला.

गुरप्रीत तिशीची, मोठ्या आवाजाची, आदरातिथ्य करणारी. तिच्या वडिलांचा लुधियानात सायकलच्या सुट्या भागांचा कारखाना. ते कळताच मी सावरून बसलो आणि निखिलला थोड्या खवचटपणानंच विचारलं, "काय रे, तिकडे जाऊन नेमकं मिळतं काय? आमच्याकडे मोठमोठे धंदे चौथी पास माणसांनी उभे केलेत."

निखिलनं राग मानला नाही. "मामा, मी आधी एकाच खिडकीतून बघत होतो. हिशेब माझ्याकडे, विक्री दुसऱ्याकडे, कारखाना तिसऱ्याकडे. तिथे पहिल्याच महिन्यात सगळं एकदम अंगावर आलं. वर्गात माझ्या एका बाजूला जहाज कंपनीतला माणूस, दुसऱ्या बाजूला दवाखाने चालवणारी बाई. एकाच धंद्याची अडचण सगळ्यांना वाचायला द्यायचे आणि विचारायचे, तुम्ही मालक असता तर उद्या सकाळी काय केलं असतं? बिल्कुल वेगळी वेगळी उत्तरं यायची. परत आलो तेव्हा कंपनीनं मला हिशेबाला नाही बसवलं. नवा कारखाना कुठे काढायचा, हे ठरवणाऱ्यांत घेतलं."

"म्हणजे जाऊन आलं की झालं?"

"नाही ना. नुसते फिरून आलेले पण आहेत. ज्यानं आधी काम केलंय, त्याला तिथे काय विचारायचं ते कळतं. वैशूनं केलंय."

"तुम्ही वडिलांचा कारखाना का नाही सांभाळत?" मी गुरप्रीतला हिंदीत विचारलं.

"सँभालती हूँ, अंकल. फ़ोन पे रोज़ लड़ती हूँ पापा से. पहले बस 'जी पापाजी' करती थी." ती हसली. "आज उनका माल तीन मुल्कों में जाता है. पर मानेंगे थोड़ी!"

मग तालीम सुरू झाली. गुरप्रीत टेबलापलीकडे बसली, एकदम परकी झाली आणि इंग्रजीत विचारू लागली. वैशूची उत्तरं नीट चालली होती. मग प्रश्न आला: तुमच्यामुळे बदललेली एक गोष्ट सांगा.

वैशूनं परत येणाऱ्या मालाची गोष्ट सांगितली. आमचा माल लॉटनं परत यायचा, खराब कोणता आणि कुठे बिघडला ते कळायचं नाही. मग आम्ही प्रत्येक दिवशी ओतलेल्या भागांवर वेगळी खूण ठेवू लागलो. ग्राहकाच्या यार्डात जाऊन परत यायचा माल खुणेप्रमाणे वेगळा काढला. तेव्हा कळलं की, बहुतेक खराब भाग साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ओतलेले असतात. सुट्टीत साच्याची वाळू सुकते. त्या दिवशी सकाळी वाळू पुन्हा कालवायची ठरवली आणि तक्रार थांबली.

"उत्तम," गुरप्रीत म्हणाली. "ही कल्पना कुणाची?"

"माझ्या वडिलांची," वैशू म्हणाली. "यार्डात जायचंही त्यांनीच ठरवलं. मी त्यांना मदत केली."

गुरप्रीत मागे रेलली आणि हिंदीवर आली. "अच्छा! फिर तो पापा को ही भेज देते हैं, यार. ऐडमिशन उनका पक्का."

सगळे हसले. वैशूही हसली, पण तिचे कान लाल झाले. मीही हसलो.

ते हसू मला अजून टोचतं. कारण त्या क्षणी मला आनंद झाला होता, तोही दुहेरी. एक, परक्या लोकांत मुलीनं माझा मान राखला. आणि दुसरा, अशी बोलली तर हिला कुणी घेणार नाही.

आमच्याकडची रीतच ती. लहानानं काही केलं तरी नाव मोठ्याचं पुढे करायचं. नवं मशीन वैशू निवडते, नारळ मी फोडतो, बातमी देताना ती म्हणते, आण्णांनी आणलं. कुणी कौतुक केलं तर "सगळा आण्णांचा आशीर्वाद". ह्या रीतीत वाईट काही नाही, असं मी आजही म्हणेन. पण मोठ्यानं कधीतरी "अरे, हे हिनं केलं" असं म्हणायचं असतं, आणि तो अर्धा भाग मी सोयीनं विसरलो होतो. यार्डात जायचं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. निखिल म्हणाला, "वैशू, ते उत्तर बदल." ती म्हणाली, "खोटं कसं बोलू? कारखाना आण्णांचा आहे." मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

फरिदाबाद

तिसऱ्या दिवशी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, मी एकटाच फरिदाबादला गेलो. वैशूला म्हटलं, इथवर आलोच आहोत तर गिऱ्हाइकाला भेटून येतो. खरा बेत वेगळा होता. नवं मोठं काम मिळालं तर घरी सांगता येईल, बघ, आता कारखाना सोडून कशी जाशील?

फरिदाबाद म्हणजे आमचा कारखाना आहे त्या शिरोलीची मोठी बहीण. तोच धूर, तोच लोखंडाचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या. चहा मात्र आल्याचा आणि ग्लास भरून. बसमधून उतरलो आणि दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

ट्रॅक्टर कंपनीच्या खरेदी विभागाचे चड्ढासाहेब पन्नाशीचे, गोरेपान, मफलर गुंडाळलेले. "आइए जाधव साब! चाय!" चहा आला. मी नव्या कामाचा विषय काढायच्या आत त्यांनीच काढला. बाहेर देशात जाणाऱ्या ट्रॅक्टरसाठी एक नवा भाग करून घ्यायचा होता. अवघड, पण वर्षानुवर्षं चालेल असा. मी खुर्चीत पुढे सरकलो.

"काम आपको दे दूँ. एक शर्त है," ते म्हणाले. "मैडम खुद देखेंगी."

"मैडम?"

"आपकी बेटी. और कौन?" त्यांनी खिडकीतून मागच्या यार्डाकडे बोट केलं. "पिछली गर्मी में आठ दिन वहाँ धूप में खड़ी रही, हाथ में चॉक लेकर. एक-एक पीस उलटा करके देखती थी. मैंने कहा, मैडम, अंदर आ जाओ, चाय पी लो. बोली, पहले माल." मग मिस्कील हसून म्हणाले, "चाय तो हम दोनों ने पी थी, जाधव साब. याद है? यहीं बैठ के."

आठवत होतं. ह्याच खुर्चीत बसलो होतो. वर पंखा होता, तरीही उकडतंय म्हणून मी दुसरा लावायला सांगितला होता. ते आठ दिवस संध्याकाळी वैशू हात धुवायची तेव्हा लॉजच्या बेसिनमध्ये पांढरं पाणी वाहायचं.

"सोचकर बताता हूँ," एवढंच म्हणून मी उठलो. जाताना यार्डात डोकावलो. दुसऱ्या कुणाचा तरी माल पडला होता. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर एक पांढरट टिंब होतं. तिनं काढलेलं असेल की नाही, सांगता येत नाही. मी बराच वेळ ते बघत राहिलो.

मला हवं ते मिळालं होतं. हे काम मी घरी जाऊन नुसतं सांगितलं असतं, तर वैशूनं स्वतःच मुलाखत सोडून कोल्हापूरची बॅग भरली असती. एक शब्दही बोलली नसती. आणि मुलगी किती समजूतदार, असं मी गावभर सांगत फिरलो असतो.

पुन्हा गच्चीवर

परतलो तेव्हा ऊन कलंडत होतं. वैशू गच्चीवर एकटीच मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि शेंगा ओढून घेतल्या.

"वैशू, उद्या तो प्रश्न आला तर माझं नाव घ्यायचं नाही."

"असं कसं आण्णा?"

"यार्डात तू उभी होतीस. वाळूचं तू शोधलंस. मी केबिनमध्ये चहा पीत होतो."

ती शेंग हातात धरून राहिली. "तुम्हीच शिकवलंत ना, मोठ्यांचं नाव पुढे करायचं?"

"शिकवलं. मोठ्यानं काय करायचं ते शिकवायचं राहिलं." मी वाटी तिच्याकडे सरकवली. "आणि अजून एक. तुला प्रवेश मिळू नये असं मला वाटत होतं. निघाल्यापासून."

ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "माहीत होतं मला."

"कसं?"

"तुम्ही निघताना देवासमोर नारळ ठेवला नाहीत. दर वेळी ठेवता."

खाली कमलताई हाका मारत होती, "अहो मटारवाले, भाजी आज करायची की उद्या?" आम्ही दोघं हसलो. फरिदाबादच्या कामाचं मात्र मी तिला सांगितलं नाही. आयुष्यभर तिच्यापासून जे लपवलं ते माझ्या सोयीसाठी. हे एक तिच्या सोयीसाठी लपवलं.

कस्तुरबा गांधी मार्ग

मुलाखत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका हॉटेलात होती. तिला दारापर्यंत सोडलं. आत जाऊन बसायचं धाडस झालं नाही. दरवानाच्या अंगावरचा कोट माझ्या कोटापेक्षा भारी होता. समोरच्या फुटपाथवर एक माणूस निखाऱ्यावर रताळी भाजत होता. ती सोलून, कापून, त्यावर मसाला आणि लिंबू पिळून द्रोणात देत होता. आमच्याकडे रताळं म्हणजे उपवास, दिल्लीत ते चटपटीत खाणं. एक द्रोण संपवला. ती येईना. दुसरा घेतला. मग जिभेला चटका बसला आणि डोळ्यांत पाणी आलं. निमित्त रताळ्याचं झालं म्हणून बरं.

वैशू बाहेर आली. चालण्यातूनच मला कळलं की, तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली आहे.

"विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं. मी सांगितलं, कल्पना माझी होती, यार्डात मी उभी होते. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा वडील काय करत होते?"

"मग?"

"सांगितलं, चहा पीत होते." तिनं माझ्या हातातला द्रोण घेतला. "त्या खूप हसल्या. मग मी म्हटलं, पण आजवर मला एकदाही परत बोलावलं नाही, की उन्हात काय उभी राहतेस, मुलगी आहेस. त्यांनी ते लिहून घेतलं."

मी रताळेवाल्याकडून तिसरा द्रोण घेतला आणि मग तिला चड्ढासाहेबांच्या कामाचं सांगितलं. शर्तीसकट.

ती थांबली. "हे काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आज आत गेली असतीस?"

 ते काम तिला हवं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या भागाचा आकार काय, भिंतीची जाडी किती, तिनं उभ्या उभ्या विचारलं. मग म्हणाली, "चला, फोन करू."

कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून मी फोन लावला. चड्ढासाहेबांना म्हटलं, "मैडम शायद पढ़ने बाहर जाएँगी. चॉक लेकर मैं आऊँगा."

पलीकडे मोठ्यानं हसणं. "आप? जाधव साब, आप तो चाय वाले आदमी हैं!"

"था," मी म्हणालो.

"अच्छा, सैंपल भेजिए. यार्ड में मिलते हैं. देखते हैं." एवढं पुरेसं होतं. वैशू काचेबाहेरून ओठ हलवून विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले.

मला सांगायला लावाल तर परदेशातल्या शिक्षणानं माणूस किती वर चढतो, हे मी सांगू शकत नाही. ते निखिल सांगेल, गुरप्रीत सांगेल, आणि देव करो, पुढे वैशूही सांगेल. मी एवढंच पाहिलं की, त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधीच, नुसत्या एका प्रश्नानं तिला आपलं काम आपलं म्हणावं लागलं. तिथे तर दोन वर्षं असेच प्रश्न विचारणार आहेत.

निकाल अजून यायचा आहे. परत आल्यावर देवासमोर नारळ ठेवला, तो तसाच आहे, फोडणार वैशू. तोवर रोज सकाळी ती मला कारखान्यामागच्या पत्र्याखाली उभं करते. प्रत्येक भागावर हातोडी मारायची, आवाज खणखणीत की बद्द ते ऐकायचं, भाग उलटा करायचा, कडा बोटानं चाचपायच्या, मगच खूण. शर्टाची बाही पांढरी होते, आणि घरी गेल्यावर बायको विचारते, ह्या वयात शाळेत घातलंय का तुम्हाला?

काल मी एक भाग बरा म्हणून बाजूला ठेवला. वैशूनं तो उचलला, कानाशी धरून हातोडी मारली आणि दुसऱ्या ढिगात टाकला. "हा परत आला असता, आण्णा."

मी खडू तिच्यापुढे केला. तिनं तो घेतला नाही. पुढचा भाग उचलून माझ्यासमोर ठेवला.